सेटलिंग टाईम

आधीच कबूल करते. माझी दहावी कॉन्व्हेंटात झाली, त्यामुळे 'मराठी विभागासाठी काहीतरी लिही' असं फर्मान निघालं तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने पोटात गोळा आला. तरी लिहायला बसले, कारण हाच विषय मी इंग्रजी विभागात लिहिला असता तर मेसच्या काकूंनी आणि वॉचमन काकांनी तो वाचला नसता. आणि माझं निम्मं भांडण त्यांच्याशीच आहे! उरलेलं निम्मं तुमच्याशी, आणि थोडं स्वतःशी.

विषय आहे आमची केटी. लेडीज हॉस्टेलची मांजर. रिझल्टच्या दिवशी आली आणि काही केल्या सुटेना, म्हणून तिचं नाव केटी.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक आजी एकट्या राहायच्या. त्या मुलाकडे राहायला गेल्या, तिथे मांजर चालणार नव्हती. आम्ही चौघींनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, 'आजी, काळजी करू नका, आम्ही सांभाळतो.' मांजर सांभाळणं म्हणजे बशीभर दूध आणि एक उशी, एवढीच आमची अक्कल.

पहिल्याच दिवशी केटी पलंगाखाली घुसली ती बाहेर येईना. संध्याकाळी माझ्या रूम पार्टनरने प्रेमाने तिला ओढून काढलं आणि हातावर तीन लांब ओरखडे घेतले. मग साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं हात धुणं, सरकारी दवाखाना, रेबीजची इंजेक्शनं आणि 0, 3, 7, 28 हे वेळापत्रक. ऐन सबमिशनच्या आठवड्यात! दूध पाजलं तर तिचं पोट बिघडलं. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. गोष्टीच्या पुस्तकातली मांजर वेगळी, खरी मांजर वेगळी.

पण खरा प्रश्न झोपेचा होता. आम्ही वर्गणी काढून आणलेल्या गादीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दिवसभर ती झोपायची कुठे, तर आंघोळीच्या बादलीत! गोल वेटोळं करून, फक्त कान बाहेर. ज्या मुलीची बादली, तिची आंघोळ बोंबलली. आणि पहाटे चारच्या ठोक्याला उठून असा काही टाहो फोडायची की अख्खा दुसरा मजला जागा. रात्री दोनपर्यंत जर्नल उतरवून आडव्या झालेल्या मुलींचे तेव्हाचे उद्गार संपादक मंडळ छापणार नाही.

मग आम्ही इंजिनियर लोक जे करतो ते केलं. प्रॉब्लेम समजून न घेता सोल्युशन लावलं. बादलीतून उचलून गादीवर ठेवलं, पुन्हा पुन्हा ठेवलं. रात्री झोप यावी म्हणून दिवसा झोपू दिलं नाही, डोळा लागला की उठवलं. चार दिवसांत तिने खाणं जवळजवळ सोडलं. डॉक्टर रागावले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, हे आम्हाला कुठे माहीत होतं?

शेवटी आजींना फोन लावला. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, 'अगं, ती न्हाणीघरातल्या रिकाम्या घंगाळात झोपायची. आणि पहाटे चारला नळाला पाणी यायचं, मी उठायचे, तिला खायला घालायचे. ती मलाच हाक मारत असेल.'

फोन ठेवल्यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही. जिला आम्ही विचित्र म्हणत होतो, ती फक्त आपलं जुनं टाईमटेबल पाळत होती. घर बदललं होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मात्र मी लायब्ररीत आणि नेटवर थोडा अभ्यास केला. मोठी मांजर दिवसाचे साधारण बारा ते सोळा तास झोपते, तेही तुकड्यातुकड्यांनी. तिची शिकारीची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांजा, त्यामुळे ती रात्रभर आपल्यासारखी घोरत पडेल ही अपेक्षाच चुकीची. नव्या जागी मांजराला लपायला कोपरा लागतो. 2014 साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात मांजरांच्या आश्रमात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोकावाल्या मांजरांचा ताण लवकर उतरला. म्हणजे आमच्या केटीने स्वतःचा खोका स्वतःच शोधला होता आणि आम्ही तो रोज हिसकावून घेत होतो.

आणि गंमत ऐका. झोपेच्या शास्त्रावर मांजरांचे मोठे उपकार आहेत. 1959 साली मिशेल जुवे या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की झोपेत एक अवस्था अशी येते, जिच्यात स्नायू पूर्ण सैल असतात पण मेंदू जागेपणासारखा कामात असतो. तिला त्याने 'विरोधाभासी झोप' असं नाव दिलं. बादलीत झोपलेल्या केटीच्या मिशा आणि पंजे थरथरायचे, ते बघून एक जण 'तिला फिट आली' म्हणून किंचाळली होती. ती बहुधा स्वप्न बघत होती, एवढंच.

यानंतर आम्ही काय केलं ते सांगते. एक जुनी बादली धुऊन, वाळवून, आत जुना टॉवेल घालून खोलीच्या कोपऱ्यात आडवी ठेवली. ती केटीची. तिथे हात घालायचा नाही, झोपेतून उठवायचं नाही. दुसऱ्या कोपऱ्यात घमेल्यात वाळू. रात्री अकराला सुतळीला कागद बांधून दहा मिनिटं खेळ आणि लगेच पोटभर खाणं, कारण शिकार, मग जेवण, मग झोप हा तिचा क्रम. पहाटेचं खाणं चारचं सव्वाचार, मग साडेचार असं हळूहळू पुढे सरकवलं. ओरडली म्हणून लगेच द्यायचं नाही. कोणी तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. बघायचंच तर डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. 2020 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासात असं दिसलं की माणसाने असे डोळे मिचकावले की मांजर तसंच उत्तर देते आणि जवळ यायला जास्त तयार होते. तिसऱ्या आठवड्यात केटी आपणहून माझ्या ड्रॉईंग शीटवर येऊन झोपली. शीट गेली, पण मला रडू आलं ते त्यासाठी नाही.

थर्ड इयरवाल्यांना कंट्रोल सिस्टीम्स आठवत असेल. सिस्टीमला एकदम नवा इनपुट दिला की आउटपुट आधी उसळतो, हेलकावे खातो, मग स्थिरावतो. फायनल व्हॅल्यूच्या दोन टक्क्यांच्या पट्ट्यात येऊन तिथेच राहायला जो वेळ लागतो, तो सेटलिंग टाईम. साध्या सेकंड ऑर्डर सिस्टीममध्ये नुसता गेन वाढवत नेला तर ओव्हरशूट वाढतो, हेलकावे वाढतात, पण सेटलिंग टाईम जवळजवळ तेवढाच राहतो. पेपरात हे मी पाच मार्कांना लिहिलं होतं. कळलं मात्र आत्ता.

आणि आता स्वतःशी असलेलं भांडण. गेल्या वर्षी आमच्या खोलीत फर्स्ट इयरची एक मुलगी आली होती. खेड्यातून, आठ-दहा माणसांच्या घरातून. तिला दिवा बंद केला की झोप यायची नाही. घरी आजीच्या कुशीत झोपायची सवय. आम्ही काय केलं? 'ॲडजस्ट कर' म्हणालो, दिवा बंद केला, वर चेष्टा केली. ती कॉरिडॉरच्या दिव्याखाली चटई टाकून झोपायला लागली, तेव्हाही हसलो. दुसऱ्या महिन्यात ती हॉस्टेल सोडून गावातल्या नातेवाइकांकडे राहायला गेली. एका मांजरीसाठी आम्ही तिच्या जुन्या घरी फोन केला. त्या मुलीला एका शब्दाने विचारलं नाही की तुझ्या घरी रात्री कसं असतं गं?

म्हणून माझं म्हणणं असं, की नव्याने आलेल्याला बदलण्याआधी त्याचं आधीचं घर कसं होतं ते विचारा. मांजर असो की माणूस.

आता थोडं व्यवहाराचं. 'परीक्षेआधी मांजर पोत्यात घालून मंडईत सोडा' अशी मागणी झाली आहे, हे मला माहीत आहे. ओरलच्या दिवशी ती आडवी गेली म्हणून कोणी नापास होत नाही. मी झाले होते ती अभ्यास न केल्यामुळे. पण काकूंचं एक म्हणणं शंभर टक्के खरं आहे: 'आणताना चौघी, सुट्टीत कोण?' पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा आपल्याकडे 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पाप आहे. तेव्हा आम्ही रेक्टर मॅडमना लिहून दिलंय. रेबीजची लस आणि ऑपरेशन आमच्या खर्चाने, मेसमध्ये केटीला प्रवेश नाही, सुट्टीत आळीपाळीने एक जण तिला घरी नेईल, आणि पास आऊट होताना तिला कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय हॉस्टेल सोडणार नाही. खाली चौघींच्या सह्या आहेत.

मॅडमनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. काकूंनी मात्र काल उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग गुपचूप बाजूला ठेवला होता. काकू, आम्ही पाहिलंय!

आणि त्या मुलीला मी फोन केला. ती पुढच्या टर्मला परत येते का, ते विचारायला. म्हणाली, बघते. मी म्हटलं, ये, दिवा चालू ठेवू.