गहू बंद, मग पोटाचं काय?

सिलिॲक आजारात गव्हातलं ग्लुटेन मुलाच्या आतड्याला इजा करतं. गहू बंद केला की बहुधा काही आठवड्यांत जुलाब कमी होतात, फुगलेलं पोट उतरतं, भूक लागते. मग काहींना उलट बद्धकोष्ठ होतं. घाबरून आई पुन्हा पोळी देते, तिथेच घात होतो. पोळीऐवजी नुसता भात आला की चोथा कमी पडतो. आपल्या परतूरकडे ज्वारीची भाकरी आहेच. सोबत डाळ, भाजी, भरपूर पाणी द्या. ज्वारी गव्हाच्या चक्कीवर मात्र दळू नका. ईदच्या शीरखुर्म्यात तांदळाच्या शेवया घाला. हलीममध्ये गहू असतो, बाजारच्या हिंगातही अनेकदा मैदा असतो. भगिनींनो, रक्ततपासणीआधी गहू सोडू नका, आजार लपू शकतो. निदान झाल्यावर मात्र दादी-नानीच्या लाडाचाही घास नको.