रजेचे बिऱ्हाड

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला रजा घेता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रजा त्याला मिळते. केंद्र सरकारच्या सेवेत असेल तर अर्जित रजेचे पंधरा दिवस दर जानेवारीस आणि दर जुलैस त्याच्या खाती बिनबोभाट जमा होतात. परंतु मिळणे निराळे आणि घेणे निराळे. बदलीचा हुकूम हाती पडल्यावर घरात जी धांदल उडते, तीच धांदल दहा दिवसांच्या विश्रांतीसाठी उडवून देण्याची विद्या आपण कोठून पैदा केली, याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केला असेल.

तिरुवल्लिकेणीत एप्रिल उजाडला की मराठी घरांतून पलंगाखालच्या बॅगा बाहेर ओढल्याचा आवाज येऊ लागतो. पूर्वी त्या जागी ट्रंका आणि वळकट्या होत्या. आता चाकांच्या बॅगा आहेत. चाके आली म्हणून ओझे कमी झाले नाही, उलट ते उचलावे लागत नसल्यामुळे वाढले. निघण्याच्या आदल्या दिवशी चिकोरी घालून ताजी दळून घेतलेली कॉफी, अप्पळम, उन्हात वाळविलेल्या मिरच्या, तिळाच्या तेलाचा डबा, वहिनींसाठी कांचीपुरमची साडी, हा जातानाचा माल. येताना गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, आमसुले, कुळथाचे पीठ आणि कोणीतरी आग्रहाने दिलेली, ठेवायला जागा नसलेली एक पितळी परात. यांपैकी बहुतेक जिन्नस हल्ली दोन्हीकडे घरपोच मिळतात आणि फिल्टर कॉफी पुण्यात गल्लोगल्ली मिळते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही कोणी मनावर घेत नाही. रेल्वेच्या त्रिस्तरीय वातानुकूलित डब्यात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. चौघांच्या कुटुंबाचे १६० किलो झाले. हा आकडा रेल्वेने मर्यादा म्हणून सांगितला आहे. आपण तो हक्क समजतो आणि हक्क वाया जाऊ देणे आपल्या स्वभावात नाही.

बरे, ही बांधाबांध करतो कोण? येथे मात्र थोडे कटू बोलणे भाग आहे. साहेब तिकिटे काढतात, रजेचा अर्ज लिहितात आणि ‘माझी तयारी झाली’ असे जाहीर करतात. त्यांचे सहा सदरे, औषधे, मुलांचे कपडे, प्रवासातल्या दशम्या, दूधवाल्याचा निरोप, कुंड्यांना पाणी घालण्यासाठी शेजारच्या मामींना दिलेली किल्ली, हे सारे ज्या व्यक्तीकडे असते तिच्या नावावर रजेचा एक दिवसही जमा होत नाही. तिला स्वतःची नोकरी असली तर तिची रजा या तयारीतच खर्ची पडते. गावी पोचल्यावर साहेब झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र उघडतात आणि ती पदर खोचून दुसऱ्या स्वयंपाकघरात शिरते. एका माणसाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्या माणसाने तिप्पट राबायचे, या व्यवहाराला कौटुंबिक सहल म्हणण्याची आपली रीत आहे. माझा मुख्य आक्षेप या रीतीला आहे. बॅगांचे वजन हे निमित्त.

हे वळण आपल्याला कोठून लागले असावे? आपल्या जुन्या प्रवासांत विश्रांती हा हेतूच नव्हता. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे गेले ते कर्ज फिटावे एवढी दक्षिणा मिळेल या आशेने, आणि परत आले ते गंगेची कावड घेऊन. यात्रा, मोहीम, दक्षिणा, सोयरीक, यांसाठी आपण निघत असू. केवळ बसून राहण्यासाठी गाव सोडणे ही कल्पना साहेबाची, आणि तिचा जो नमुना आपल्यापुढे आला तो सरकारी होता. १८७० पासून मद्रास सरकार उन्हाळ्यात उटकमंडला मुक्काम हलवी, आणि मुंबई सरकार महाबळेश्वरास. साहेबाबरोबर दप्तरे जात, कारकून जात, चपराशी जात. थंड हवेत कचेरीच भरत असे. साहेब गेला, कचेरी पाठीवर घेऊन विश्रांतीला जाण्याची सवय तेवढी मागे राहिली.

म्हणूनच आपली सहल ही सहल नसते, तो दौरा असतो. सकाळी सात वाजता अमुक देवालय, साडेनऊला तमुक धबधबा, दुपारी खरेदी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून ठेवला आहे. मायभूमीपासून इतक्या दूर, दगडावर, आपल्या भाषेत! त्या भिंतीपुढे एखादी सकाळ घालवावी असे किती जणांना वाटते? कार्यक्रमपत्रिकेत तंजावरला जेमतेम तास दिलेला असतो आणि त्यातला बराचसा चपला सांभाळण्यात जातो.

सरकारनेही या वृत्तीला खतपाणी घातले आहे. रजा प्रवास सवलत १९५६ मध्ये आली ती स्वग्रामी जाण्यासाठी. घरापासून तुटलेल्या नोकरदाराला अधूनमधून आपली माणसे भेटावीत, हा त्यामागचा हेतू उदात्तच होता. पुढे चार वर्षांचे गट, त्यांत भारतभर कोठेही जाण्याची मुभा, सवलतीबरोबर दहा दिवसांच्या रजेचे रोखीकरण, असे एकेक कलम जोडले गेले आणि ‘यंदा कोठे जावेसे वाटते?’ या प्रश्नाची जागा ‘गट संपत आला, सवलत वाया जाईल’ या चिंतेने घेतली. २०२० च्या ऑक्टोबरात, साथीच्या काळात, प्रवास न करता भाड्याच्या तिप्पट रकमेच्या वस्तू खरेदी केल्या तरी सवलतीचे पैसे मिळतील अशी योजना निघाली. तेव्हा कित्येकांची रजा कपडे धुण्याच्या यंत्राच्या रूपाने घरी आली. आणि निवृत्तीच्या दिवशी खाती तीनशे दिवस शिल्लक असणे, हे तर आपल्यात कर्तबगारीचे लक्षण मानतात. तीनशे दिवस न जगल्याचा तो मोबदला आहे, असे कोणी म्हटले तर सभ्यपणाचे होणार नाही. तरी मी म्हणतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की गावी वृद्ध आईवडील आहेत, त्यांना भेटणे हे कर्तव्य नव्हे काय? अवश्य आहे. ते कर्तव्य आहे म्हणूनच त्याला विश्रांती म्हणू नये. त्यासाठी निराळे दिवस काढावेत, आणि तेथे गेल्यावर आईच्या हातचे काम आपण घ्यावे. दुसरा आक्षेप असा की आधी योजना केली नाही तर तिकीट मिळत नाही. हेही खरे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तेव्हा दोन महिने आधी जागे राहावेच लागते. तिकीट काढा, राहण्याची खोली सांगून ठेवा, आणि तेथे थांबा. त्यापुढची सगळी योजना ही भीतीची योजना आहे. ‘तेथे मिळाले नाही तर?’ या एका प्रश्नासाठी आपण अर्धे घर उचलतो.

तिरुवल्लिकेणीत राहून तरी असे होऊ नये. येथे ‘मॅन्शन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत एकेका खोलीत दोन-तीन एकटे पुरुष वर्षानुवर्षे राहतात. पोंगलला गावी निघाले की खांद्याला एक पिशवी अडकवून निघतात. चार पावलांवर समुद्र आहे. संध्याकाळी शेकडो कुटुंबे रिकाम्या हातांनी वाळूत येऊन बसतात, पुडीतले सुंडल खातात, अंधार पडला की उठतात. खुद्द पार्थसारथी येथे रुक्मिणी, बलराम, सात्यकी, प्रद्युम्न आणि अनिरुद्ध अशा साऱ्या परिवारासह उभा आहे, आणि त्याच्या हाती चक्रदेखील नाही, एक शंख तेवढा आहे. (आपल्या वारकऱ्याचे सामान दिंडीच्या ट्रकमधून मागाहून येते हे मला ठाऊक आहे, म्हणून येथे त्याचा दाखला देत नाही.)

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पुढच्या रजेला माणशी एकच पिशवी, आणि ज्याची त्याने भरलेली. एकच गाव, निदान सहा दिवस. नातेवाइकांसाठी जिन्नस नाहीत, कार्यक्रमपत्रिका नाही, स्वयंपाक कोणीच करायचा नाही. परत आल्यावर ज्या कपड्यांची घडीदेखील मोडली नाही त्यांची मोजदाद करावी. ती साहेबांनी स्वतः जमिनीवर बसून करावी, आणि ती चालली असताना बाईंनी कॉफीचा पेला घेऊन गच्चीवर जावे.