शब्द कुणाचा मोजायचा?

‘सर्व भारतीय भाषांसाठी एकसमान धोरण’ अशा मथळ्याची अडीच ओळींची सूचना गेल्या महिन्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर येऊन पडली. यापुढे शब्दगणना सोर्सवर नाही, टार्गेटवर. दर तोच. पैसे इन्व्हॉइसनंतर साठ दिवसांनी. पाठवणारी एक मोठी लोकलायझेशन कंपनी आहे, पण सूचना तिच्या लेटरहेडवर नाही आणि व्हेंडर पोर्टलवरही नाही. एका कोऑर्डिनेटरबाईंनी ती ग्रुपवर टाकली आणि तिथून ती आणखी चार ग्रुपांत फिरली. पहिल्या तासाभरात तिच्याखाली काय उमटले ते आम्ही मुद्दाम मोजले. अठ्ठावीस अंगठे, सहा ‘नोटेड मॅम’ आणि एक प्रश्न. प्रश्न असा : ‘मॅम, नवीन टेस्ट कधी आहे?’

या अंकाचे संपादकीय खरे तर वेगळ्या विषयावर लिहून तयार होते. ते बाजूला ठेवले.

टार्गेट शब्द म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण अंगठा उठवणाऱ्यांनी हिशेब केला नसावा, म्हणून एकच वाक्य घेऊ. बँकांच्या मजकुरात रोज भेटणारे : ‘द अमाउंट विल बी क्रेडिटेड टु द अकाउंट ऑफ द नॉमिनी विदिन सेव्हन डेज.’ चौदा शब्द. आता मराठी : ‘रक्कम सात दिवसांत नॉमिनीच्या खात्यात जमा होईल.’ सात शब्द. शब्दाला साठ पैसे दर धरला, तर सोर्सवर आठ रुपये चाळीस पैसे आणि टार्गेटवर चार रुपये वीस पैसे. दर ‘तोच’ ठेवून मेहनताना बरोबर निम्मा. दर वाक्यागणिक निम्मा होणार नाही, कबूल. पण घटणार बहुतेक वाक्यांत.

आता हिंदी पाहा. ‘राशि सात दिनों के भीतर नामित व्यक्ति के खाते में जमा कर दी जाएगी.’ पुन्हा चौदा. हिंदीवाले ‘के’, ‘में’, ‘कर’, ‘दी’ सुटे लिहितात. आपण ‘खात्यात’ म्हणून मोकळे होतो. तेव्हा हिंदीच्या भाषांतरकाराला आठ रुपये चाळीस आणि त्याच फाइलचे त्याच दिवशी मराठी करणाऱ्याला चार रुपये वीस. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळमवाल्यांची गत आपल्यासारखीच, कारण त्यांचेही प्रत्यय शब्दाला चिकटलेले. एकसमान धोरण ते हे. ज्याने कुणी हे ठरवले त्याला एक तर भारतीय भाषा ठाऊक नाहीत किंवा चांगल्याच ठाऊक आहेत. दुसरीच शक्यता आम्हाला जास्त वाटते.

यातली खरी गोम आणखी पुढे आहे. तेच वाक्य कार्यालयीन वळणाने लिहा : ‘नामनिर्देशित व्यक्तीच्या खात्यामध्ये सात दिवसांच्या आत सदर रक्कम जमा करण्यात येईल.’ अकरा शब्द, सहा रुपये साठ पैसे. म्हणजे ‘सदर’ला साठ पैसे, ‘आत’ला साठ पैसे, ‘होईल’चे ‘करण्यात येईल’ केले की आणखी साठ. वर्षानुवर्षे आपण ज्या ‘करण्यात येत आहे’च्या मागे हात धुऊन लागलो आहोत, त्याला आता बक्षीस लागले. बोजड लिहा, जास्त मिळवा. एमटीपीई करणाऱ्यांची तर कमालच. यंत्र अकरा शब्दांचे वाक्य देणार, तुम्ही डोके लावून त्याचे सात करणार आणि पैसे मिळणार सातचे. संस्कार तुम्ही करायचे, कात्री तुम्ही चालवायची आणि कापला जाणार तुमचाच खिसा.

हे कमी की काय म्हणून आम्ही त्या कोऑर्डिनेटरबाईंना फोन केला. त्या सौजन्याने बोलल्या. म्हणाल्या, ‘सर, आमच्या सिस्टिममध्ये टार्गेटच येतं.’ आम्ही विचारले, मग फझी मॅचची सूट कशावर काढता? फाइल टूलमध्ये टाकल्यावर जे ॲनालिसिस येते, शंभर टक्के मॅच, ७५ ते ९९ टक्के, रिपिटिशन, नवे शब्द, ते सगळे सोर्सचेच असते. कामाला हात लागण्याआधी टार्गेट असतेच कुठे मोजायला? पलीकडे बराच वेळ काही बोलणे नाही. मग ‘सर, मी वर विचारून सांगते.’ अजून सांगायच्या आहेत. तोवर रीत अशी : सूट कापताना सोर्स, पैसे देताना टार्गेट. भाजीवाल्याने घेताना एक आणि देताना दुसरा तराजू वापरला, तर आपण त्याला ग्रुपवर अंगठा दाखवत नाही.

जर्मनीत न्यायालयीन भाषांतराचा मोबदला ५५ टंकखुणांच्या ओळीमागे मोजतात. जर्मन जोडशब्दांची लांबी पाहता तिथे शब्दावर पैसे दिले असते, तर बिचारे उपाशीच मेले असते. सांगायचे एवढेच की मोजणीचे माप भाषेच्या अंगाने ठरवता येते. आपल्यासाठी तर नवे माप शोधण्याचीही गरज नाही. सोर्स शब्द हे माप होतेच, रुळलेलेही होते. मूळ मराठीत लिहिणाऱ्या मुक्त लेखकांनीही इथे कान टवकारावेत. हिंदी, इंग्रजी आणि मराठी लेखांना जो ‘शब्दामागे एकच दर’ मिळतो, त्यात हीच मेख आहे. हजार शब्दांचा मराठी लेख इंग्रजीत केला, तर तो हजारात बसत नाही.

आता कंपनीला बाजूला ठेवून आपल्याकडे वळू.

ही सूचना ग्रुपवरच का आली? कारण तिथे ती खपते हे त्यांना माहीत आहे. आपल्या धंद्याचा बाजार आता ग्रुपांवर भरतो. त्यात वाईट काही नाही. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला घरबसल्या गुरगावच्या कंपनीचे काम मिळते, ते याच ग्रुपांमुळे. पण बाजार कसा भरतो पाहा. ‘अर्जंट! इंग्लिश टु मराठी, दहा हजार वर्ड्स, मेडिकल, परवा ईओडी.’ कंपनीचे नाव नाही, दर नाही, सोर्स की टार्गेट नाही, पैसे कधी ते नाही. खाली ओळीने ‘इंटरेस्टेड’, ‘इंटरेस्टेड’, ‘डीएम केलाय’. कशात इंटरेस्टेड? भाजी कोणती हे न विचारता टोपली पुढे करणारे गिऱ्हाईक मंडईतही सापडायचे नाही. मग डीएममध्ये ‘तुमचा बेस्ट रेट सांगा’ येते आणि प्रत्येक जण शेजारच्याने काय सांगितले असेल या धास्तीने पाच पैसे उतरतो. शेजारचाही त्याच धास्तीत असतो.

फुकट टेस्टबद्दल या पानांवर पूर्वी लिहिले आहे. आज एक घरचाच प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका औषधचाचणीचे संमतिपत्र रिव्ह्यूसाठी आले, बॅक ट्रान्सलेशनच्या आधीची फेरी. पहिल्या तीन पानांत चाचणीत भाग घेणारा माणूस ‘सहभागी’ होता. चौथ्या पानावर तो ‘रुग्ण’ झाला. सहाव्यावर ‘स्वयंसेवक’. नवव्या पानावर तर चक्क ‘विषय’, म्हणजे ‘सब्जेक्ट’चे भाषांतर. एकाच कागदात माणसाने चार जन्म घेतलेले पाहून आम्हाला वाटले भाषांतरकार आजारी असावा. तो आजारी नव्हता, तो चौघांचा मिळून एक होता. तुकडे टेस्ट म्हणून ग्रुपवरून वाटले होते. हे कळले कसे? आमच्याच ओळखीच्या एकाने ‘सहभागी’वाली तीन पाने टेस्ट म्हणून केली होती आणि निकालाची वाट पाहत होता. त्याला कळवले की तू पास झालास, छापलासुद्धा गेलास. त्या कंपनीचे नाव इथे देत नाही. तेव्हाही आम्ही गप्पच बसलो होतो, कारण रिव्ह्यूचे पैसे यायचे होते.

टेस्ट द्यायची तर अडीचशे शब्दांची द्या, आणि तीही कंपनीचा डोमेन असलेल्या ईमेलवर. आधी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणारा काम देणारा नसतो, भामटा असतो. पैसे गेलेच असतील, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

आणि हे लिहायलाच हवे, कितीही कडू लागले तरी. दर पाडणारे सगळे परके नाहीत. ग्रुपवर काम टाकणाऱ्यांत आपलेच लोक आहेत, दहा-पंधरा वर्षे मुरलेले. कंपनीकडून एक रुपया वीस पैशांनी घ्यायचे, ग्रुपवर पन्नास पैशांनी सोडायचे, तिथून घेणाऱ्याने एमएच्या विद्यार्थ्याला वीस पैशांत द्यायचे. शेवटच्या माणसाच्या हातात फाइल पोचते तेव्हा तिची ग्लॉसरी, स्टाइल गाइड, संदर्भ, सगळे वाटेत गळालेले असते. मग ‘हल्लीची पोरं काही वाचत नाहीत’ म्हणून आपणच हळहळायचे. तपासून देण्याचा वाटा जरूर घ्या, तो हक्काचा आहे. न वाचता पुढे ढकलण्याचा वाटा कसला?

साठ दिवसांचे काय, असे अनेक पत्रांत विचारले आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, आपण त्याच्या बाजूला जात नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, काम कंपनीने स्वीकारल्यापासून, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आकारणी वर्ष २०२४-२५पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही; दिली जाईल त्या वर्षी दाखवायची. कंपनीचा सीए या एका वाक्याने जितका हलतो तितका आपल्या वीस रिमाइंडरांनी हलत नाही. स्वानुभव आहे.

त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती फुकट आहे, आधार आणि पॅन हाताशी असले की चहा गार होण्याआधी होते. एजंटांना दोन दोन हजार देऊन आलेल्यांची पत्रे वाचून कपाळाला हात लावला. वर्गीकरणाचा मासला मात्र चाखून घ्या. भाषांतरकार येतो ७४९० या वर्गात, हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यांच्या आणि व्यवसाय-दलालांच्या पंगतीला. स्वतंत्र लेखक मात्र ९०००मध्ये, कलावंतांबरोबर. ज्याने हे खाने पाडले त्याच्या मते मूळ लिहिणे ही कला आणि तेच दुसऱ्या भाषेत उभे करणे हे ढगांकडे पाहून अंदाज बांधणे. दोन्ही कामे करणाऱ्यांनी दोन्ही वर्ग भरावेत, फॉर्ममध्ये एकाहून जास्त घेता येतात. आणि नोंदणी आज करा. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी मागच्या कामाला लागू पडते का, यावर वकील पोसायची हौस नसेल तर.

तक्रार करायला ‘एमएसएमई समाधान’ पोर्टल २०१७मध्ये आले. अर्जाला कार्यादेश आणि इन्व्हॉइस जोडावे लागते. आणि इथेच आपली गाडी रुतते, कारण आपला कार्यादेश म्हणजे रात्री पावणेएकला आलेली व्हॉइस नोट : ‘हां, करून टाका ना, रेट तोच.’ तिला पीडीएफमध्ये कसे बसवणार? परदेशी एजन्सीला तर आपला हा कायदा लावायची सोयच नाही. तिथे आधीच चौकशी हवी. १९९९पासून चालू असलेल्या ‘प्रोझ’ या भाषांतरकारांच्या संकेतस्थळावर ‘ब्लू बोर्ड’ म्हणून सोय आहे; ज्यांनी काम केले तेच भाषांतरकार त्या एजन्सीला एक ते पाच गुण देतात, ‘पुन्हा काम कराल का’ एवढ्याच प्रश्नावर. तिथे वाचायला सगळे जातात. लिहायला मराठीतले किती जातात? पैसे बुडाले की आपण चार मित्रांना सांगतो, तेही ‘नाव कुठे घेऊ नका’ म्हणून.

तेव्हा मंडळी, आता तरी हला. ग्रुपवर काम पडले की ‘इंटरेस्टेड’ लिहायच्या आधी उघडपणे, सगळ्यांदेखत विचारा : कंपनी कोणती, सोर्स की टार्गेट, दर किती, पैसे किती दिवसांत, पीओ मिळेल का. डीएममध्ये नको, तिथेच विचारा. पहिल्याने विचारले तर ‘फार शहाणा’ ठरेल. पाचव्याने विचारले की उत्तर यायला लागते. ॲडमिन असाल, तर या पाच गोष्टींशिवाय पोस्ट ठेवू नका. शुभ सकाळचे गुलाब काढता येतात तसे हेही काढता येते. टार्गेट मोजणीच घ्यावी लागली, तर दर सोर्सच्या हिशेबाने वाढवून मागा. आपल्याच शेवटच्या तीन फाइली घ्या, दोन्ही गणना शेजारी शेजारी ठेवा आणि जो गुणक निघेल तो मागा. आमच्या टेबलावरच्या तीन फाइली आम्ही मोजायला घेतल्या आहेत.

तुमच्याही पाठवा. मजकूर नको, एनडीए मोडायचा नाही. फक्त विषय, सोर्स गणना, टार्गेट गणना आणि इन्व्हॉइसपासून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस, एवढे चार रकाने. हिंदी-मराठी दोन्ही करणाऱ्यांनी एकाच फाइलचे दोन्ही आकडे दिले तर सोन्याहून पिवळे. पुढच्या अंकाची पाने २० तारखेला लागतात. त्याआधी आलेले आकडे तक्त्यात जातील, आणि तो तक्ता त्या कोऑर्डिनेटरबाईंनाही पाठवू. त्या अजून वर विचारत आहेत.