‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ हे कारण नव्हे

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे नावे जुळवण्याचे एक काम आले होते. दोन याद्या होत्या. एका यादीतला माणूस आणि दुसऱ्या यादीतला माणूस एकच आहे की नाही, हे संगणकाने सांगायचे. नाव, पत्ता आणि जन्मवर्ष यांची तुलना करून प्रोग्राम शंभरपैकी गुण द्यायचा. किती गुण मिळाले की ‘एकच माणूस’ म्हणायचे, तो आकडा कोणीतरी ठरवायला हवा होता. तो मी ठरवला : ८५. थोड्या नमुन्यांवर तो बरा चालला आणि दुसऱ्या दिवशी डेमो होता. ८५च का, असे मला कोणीही विचारले नाही.

नंतर एका सुट्टीच्या दिवशी मी माझ्या खालाचे नाव त्या प्रोग्रामला घालून पाहिले. रेशनकार्डावर ती ‘फातिमाबी’ आहे, आधारवर ‘फातेमा बानो’, आणि बँकेत अजून लग्नाआधीचे आडनाव आहे. प्रोग्रामने तिच्या तीन वेगवेगळ्या बायका केल्या. उलट एकाच गावातल्या, दोन वर्षांच्या फरकाने जन्मलेल्या दोन ‘शेख सलीम’ना त्याने बेधडक एक करून टाकले. आमच्याकडे मोहम्मद हे नाव कोणी पूर्ण लिहितो, कोणी ‘मोहं.’ लिहितो, तर कोणी इंग्रजीत नुसते ‘एम-डी’. लिहिणारा कारकून बदलला की स्पेलिंग बदलते. माणूस तोच राहतो, पण हे यंत्राला कोण सांगणार?

सरकारांनी कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत, म्हणजे एआयबाबत काय करावे, यावर सध्या खूप बोलले जाते. नोकऱ्या जातील का, डीपफेक कसे रोखायचे, परदेशी कंपन्यांना लगाम कसा घालायचा, हे सगळे प्रश्न खरेच आहेत. पण माझ्या मते सरकारने पहिला नियम घालायचा तो स्वतःला. एखाद्या कंपनीचे ॲप आवडले नाही तर ते मोबाइलमधून काढून टाकता येते. रेशन दुकान, पेन्शन, मतदार यादी आणि पोलीस ठाणे यांना पर्याय नसतो.

हे नुसते भय नाही. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली आहे. निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र जोडून कोणत्या कुटुंबाकडे गाडी आहे, घर आहे, नोकरी आहे, हे ती ठरवते. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली, अनेकांना नोटीसही न देता. पडताळणीत संगणकाचा शब्द मोठा ठरला होता. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याची मोटार गरिबाच्या नावावर लागल्याची उदाहरणे पत्रकारांनी पुढे आणली. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, प्रत्यक्ष जाऊन फेरपडताळणी करा. मधल्या वर्षांत जे धान्य घरात आलेच नाही, त्याची भरपाई कशी करणार?

श्रीमंत देशांतही हेच झाले आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानात फसवणूक कोण करत असेल, याचा अंदाज कर विभागाचे सॉफ्टवेअर बांधत होते. त्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही जोखमीचा एक निकष होता. हजारो कुटुंबांवर, त्यातही स्थलांतरितांच्या अनेक कुटुंबांवर, चुकीचा ठपका आला आणि मोठ्या रकमा परत मागितल्या गेल्या. संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ योजनेत तर एआय नव्हतेच. वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटायचे, एवढेच गणित होते. तरी लाखो लोकांना खोट्या थकबाकीची पत्रे गेली. धोका यंत्राच्या हुशारीत नाही. ‘तू दोषी नाहीस हे तूच सिद्ध कर’ असे नागरिकाला सांगण्याची सोय यंत्रामुळे सरकारला होते, त्यात आहे.

‘पण आमची प्रणाली ९९ टक्के अचूक आहे,’ असे विकणारे सांगतात. मीही विकणाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून हे गणित उलगडून सांगतो. एक कोटी कुटुंबांची छाननी केली आणि एक टक्का चूक झाली, तर एक लाख कुटुंबे चुकली. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचे गणित याहून वाईट आहे. समजा एक लाखाच्या गर्दीत पोलिसांना हवे असलेले दहा जण आहेत आणि यंत्र शंभरातल्या एका निरपराध माणसाला चुकून पकडते. दहाच्या दहा सापडले असे धरले, तरी त्यांच्यासोबत सुमारे एक हजार निरपराध माणसे बाजूला काढली जातील. त्या हजारात कोणाची दाढी असेल, कोणाची टोपी, कोणाची पारध्याची वस्ती. पुढे चौकशीच्या खोलीत काय होते, ते मी सांगायला नको. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितले होते की, ८० टक्क्यांहून अधिक साम्य असले की चेहरा जुळला असे धरले जाते. तो ८० वाचला आणि मला माझा ८५ आठवला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. माणसे काय चुकत नाहीत? कारकून भेदभाव करतो, कोणी पैसे मागतो, आडनाव वाचून कोणाची नजर बदलते. हे आपण सोसले आहे. चांगले यंत्र यातले काही कमी करू शकते, हे मी नाकारत नाही. पण कारकुनाची चूक त्याच्या टेबलापुरती असते आणि यंत्राची चूक एका रात्रीत राज्यभर पसरते. कारकुनाशी भांडता येते, त्याच्या साहेबाकडे जाता येते. खिडकीतून ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ असे उत्तर आले की, भांडायचे कोणाशी?

आपल्या कायद्यांत याचे उत्तर अजून नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. म्हणजे सर्वांत जास्त माहिती ज्याच्याकडे, तोच बाहेर. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात भूमिका अशी की, सध्या स्वतंत्र कायद्याची गरज नाही. कंपन्यांपुरते यावर वाद घालता येईल. पण नागरिकाचा हक्क काढून घेणाऱ्या सरकारी यंत्राला नुसती तत्त्वे पुरत नाहीत.

सुरुवात कुठून करायची, ते महाराष्ट्राला माहीत आहे. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. सेवेसाठी मुदत ठरलेली, जबाबदार पदनिर्देशित अधिकारी ठरलेला, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचे, त्यावर अपील आणि वर आयोग. अंमलबजावणी कशीही असो, तत्त्व सोन्यासारखे आहे. तेच यंत्राला लावा.

पहिले, कोणते खाते कोणत्या कामासाठी असे सॉफ्टवेअर वापरते, ते कोणी बनवले, कोणती माहिती घेते आणि किती चुकते, याची उघड नोंदवही मराठीत ठेवा. कॅनडात २०१९ च्या निर्देशानुसार सरकारी खात्यांना अशा प्रणालींच्या परिणामांचे मूल्यांकन करून ते प्रसिद्ध करावे लागते. ते तिथे जमते तर इथेही जमेल.

दुसरे, यंत्राने फक्त शंका घ्यावी, निर्णय नाही. धान्य किंवा पेन्शन थांबवण्याआधी नोटीस, लेखी कारण, म्हणणे मांडण्याची संधी आणि नावानिशी अधिकाऱ्याची सही हवी. चौकशी होईपर्यंत लाभ चालू राहावा. फसवणूक झाली हे सिद्ध करण्याचा भार खात्यावर असावा. चेहरा जुळला एवढ्यावर कोणाला अटक होऊ नये.

तिसरे, तपासणी बाहेरच्यांकडून व्हावी आणि चुका गटवार मोजाव्यात : लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया, मुस्लिम, आदिवासी, भटके-विमुक्त, हंगामासाठी गाव सोडणारे ऊसतोड कामगार. सरासरी आकड्यात ही सगळी माणसे बुडून जातात. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘इंडिया एआय मिशन’ला दहा हजार कोटींहून अधिक रुपये आहेत. यंत्रे बनवायला पैसा आहे, तर ती तपासायलाही निघू शकतो.

आपल्या वस्त्यांतल्या संस्था एक काम आजही करू शकतात. कागदपत्रांवरची नावे सारखी करून घेण्याची शिबिरे आपण घेतोच, ती घ्यावीत. पण दरवेळी गरिबानेच आपले नाव यंत्राला पटेल असे करून घ्यायचे, हा न्याय नाही. म्हणून सोबत माहिती अधिकारात प्रश्न विचारावेत. माझ्या जिल्ह्यात किती लाभ संगणकीय पडताळणीने थांबले? त्यातले किती नंतर पुन्हा सुरू झाले? आकडा कोणी ठरवला?

माझ्या त्या प्रोग्रामचे पुढे काय झाले, तेही सांगतो. पुढच्या आवृत्तीत आम्ही मधल्या गुणांची सगळी प्रकरणे माणसाकडे पाठवायला लागलो. खर्च वाढला, ग्राहक कुरकुरला, पण त्याने ते मान्य केले. आणि ८५ जिथे होता, तिथे मी आता एक नोंद लिहून ठेवली आहे : हा आकडा कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर ठरवला. सरकारकडे माझे मागणे याहून फार मोठे नाही.