गायरानाचे गवत हा शेतीचाच प्रश्न



कापसाच्या भावाचा विषय आपल्या प्रत्येक बैठकीत निघतो, आणि निघायलाच हवा. गायरानाचा मात्र निघत नाही. सातबाऱ्यावर आपले नाव नाही, म्हणून ते आपले नाही असे आपण धरून चाललो. इकडे ज्वारीचा पेरा घटला, तसा कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारावर बैल किती दिवस काढणार? वैरण विकत घ्यायची वेळ आली की आधी बैल बाजारात जातो, मग गाय, आणि त्यांच्यामागून शेणखत.

कागदोपत्री माळ म्हणजे ‘पडीक’. हा शब्दच खोटा आहे. मुरमाड जागी पवन्या आणि शेडा, खोलगट काळ्या जागी मारवेल, ही गवते आपल्याच पावसावर वाढत आली. बारमाही चराईने त्यांना बी धरायला उसंत दिली नाही. मोकळ्या जागी गाजर गवत, रानतरोटा आणि वेडी बाभूळ शिरली.

हे परत फिरवता येते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवून पाळली. गुरे माळावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचे. चारा वाढला, तसे दूधही वाढले.

काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे. वेडी बाभूळ नुसती तोडली तर पुन्हा फुटते, बुडखा खणून काढावा लागतो. पावसाळा सरता सरता बांधावरच्या गवताचे पिकलेले बी गोळा करून कोरडे ठेवावे आणि पुढच्या पावसाला मातीत कालवून फेकावे. मारवेलची ठोंबे लावावीत. माळ नांगरू नये, आहे ती माती वाहून जाईल. कुसळी गवत कुसळे कडक होण्याआधी कापावे, तेव्हाच ते चांगला चारा असते.

घामाचे दाम मागणारी चळवळ फुकट राबायला कशी सांगते, असे कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. सरकारी योजनेच्या खड्ड्यावर फुकट राबू नका, तिथे मजुरी मागा. पण स्वतःचा बांध घालताना आपण मजुरी कोणाकडे मागतो? ज्या माळाचा चारा आपल्या गावात राहणार, तो माळ म्हणजे गावाचा बांधच.

खरी अडचण दुसरी आहे. चराई बंद झाली की पहिला फटका भूमिहीनांच्या शेळ्यांना आणि धनगरांच्या मेंढ्यांना बसतो. आपला गोठा भरण्यासाठी त्यांचा वाडा रिकामा होणार असेल, तर हे काम न केलेले बरे. म्हणून गायरानाचे तुकडे पाडावेत, पाळीपाळीने एकेक बंद ठेवावा, मेंढ्यांची वाट मोकळी ठेवावी आणि पहिली कापणी भूमिहीन घरांना द्यावी. हा ठराव त्यांच्यासमोर, ग्रामसभेतच व्हावा.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याची योजना आखण्यास राज्यांना सांगितले. भूमिहीनांना आणि दलित-आदिवासींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्यात आहे. त्याचा आधार बड्यांच्या कब्जाविरुद्ध घ्यावा, गरिबाच्या झोपडीविरुद्ध नव्हे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या गायरानाचा गट नंबर, क्षेत्र आणि आज त्यावर काय उभे आहे, एवढे लिहून आणावे. भावाची लढाई चालूच राहील. पण भाव मिळेल त्या दिवशी दावणीला बैल असायला हवा.