सगळ्यांचंच असं वाजतं!

"काही बिघडलेलं नाही हो, सगळ्यांचंच असं वाजतं." हे वाक्य मला भयंकर खटकतं. सपोर्टला काम केलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी असं काहीतरी लिहून तिकीट बंद केलेलं असतं. मीही केलंय. बऱ्याचदा ते खरंही असतं, पण विचारणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. नेमकं काय वाजतंय? कशामुळे वाजतंय? आणि उद्या वाजायचं थांबलं तर आनंद मानायचा की घाबरायचं?

या वीकांताला त्यासाठी एक जरा विचित्र उदाहरण घेतोय, नवीन रिव्हॉल्वरचं. (आपल्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध हिंदी सिनेमापुरता, मान्य आहे.) निमित्त टेक्सासमधल्या आमच्या क्लायंटकडचा एक जण. त्याने स्मिथ अँड वेसनचं, घोडा बाहेर दिसणारं .38 घेतलं. गोळ्या नाहीत याची दोनदा खात्री करून हातात हलवलं, तर आत काहीतरी बारीक खुळखुळतंय. दुकानदार म्हणाला, सगळ्यांचंच असं वाजतं. माझी डिग्री मेकॅनिकलची आहे हे त्याला कुठून कळलं देव जाणे, पण कॉल संपल्यावर त्याने मलाच विचारलं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बोटाने ओढतो तो चाप, आणि मागे असतो, पुढे आपटतो तो घोडा. सिनेमात "घोडा दाब" म्हणतात ते विसरा.

तर, या रिव्हॉल्वरच्या पोटात पोलादाची एक पातळ पट्टी असते, हॅमर ब्लॉक. चाप सोडलेला असताना ती घोडा आणि फ्रेम यांच्या मधे उभी असते, म्हणजे रिव्हॉल्वर घोड्यावर पडलं तरी गोळी सुटू नये. चाप ओढला की खाली सरकून वाट मोकळी करते. खुळखुळते ती हीच पट्टी.

आता ती सैल का ठेवलीय? त्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाकडे याच कंपनीचं 'व्हिक्टरी मॉडेल' होतं. 1944 मध्ये एका जहाजाच्या पोलादी डेकवर गोळ्या भरलेलं असं एक रिव्हॉल्वर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. अडथळ्याची सोय त्या मॉडेलमध्येही होती. फक्त ती स्वतःच्या स्प्रिंगच्या भरवशावर होती, आणि घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये असा भाग अडकून बसू शकतो. मग कंपनीने रचनाच बदलली. चाप जागेवर परत आणणारा जो ठोकळा आत असतो, त्यालाच पट्टी जोडली. ठोकळा सरकला की तिला सरकावंच लागतं, स्प्रिंगची मर्जी सांभाळायची गरज नाही. दाबून धरणारी स्प्रिंग नाही म्हणून पट्टी सैल, आणि सैल म्हणून वाजते. थोडक्यात, तो ज्याला बिघाड समजत होता तीच त्याची सुरक्षा होती!

दुकानदाराला हे दोन वाक्यांत सांगता आलं नसतं का? मला वाटतं, आलं असतं.

कारण सगळेच आवाज असे निरुपद्रवी नसतात. घोडा हळूहळू मागे ओढला तर सिलिंडर फिरतो आणि खालून एक खुंटी त्याच्या खाचेत 'टक्' करून बसते. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आत सिलिंडर असा पक्का झालाच पाहिजे. तो झाला नाही तर कप्पा नळीच्या सरळ रेषेत नसण्याची शक्यता असते, आणि मग गोळी झाडताना शिशाचे कपचे बाजूला उडू शकतात. म्हणजे इथे आवाज असणं ठीक आणि नसणं धोक्याचं. हे फक्त "सगळ्यांचंच वाजतं" ऐकलेल्याला कसं कळणार?

शिवाय कंपनीगणिक हिशोब वेगळा. कोल्टच्या 1873 च्या सिंगल अॅक्शनचा घोडा ओढताना चार टकटक ऐकू येतात, आणि जुन्या मंडळींना त्याचं कोण कौतुक! त्यातली पहिली टक् सुरक्षेच्या खाचेची. पण त्या खाचेवर इतका कमी भरवसा, की सहापैकी एक कप्पा रिकामा ठेवून घोडा त्यावर टेकवायची पद्धत होती. रुगर कंपनीने 1973 मध्ये उलटा विचार केला. त्यांची पट्टी अडवत नाही, जोडते. चाप ओढल्यावरच ती वर येऊन घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते, नाहीतर घोडा पिनपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे सहाही कप्पे भरता येतात. त्या नव्या मॉडेलांत घोड्याची अर्धी खाच काढून टाकली, साहजिकच जुन्या चार टकटकी तिथे शोधू नयेत.

आणि एक गंमत (गंमत कसली म्हणा). चाप हलका व्हावा म्हणून काही हौशी नेमबाज ती हॅमर ब्लॉकची पट्टी काढूनच टाकतात. रिव्हॉल्वर मस्त चालतं, आत खुळखुळ नाही, आणि कधीतरी ते तसंच पुढच्या गिऱ्हाइकाला विकलं जातं. मी त्या सहकाऱ्याला एवढंच सांगितलं, तुझं वाजतंय ते वाजू दे. पण उद्या जुनं घ्यायला गेलास आणि ते अगदी गप्प असलं, तर पैसे मोजण्याआधी जाणकार कारागिराकडून बाजूची प्लेट उघडून पट्टी आहे ना ते बघून घे.