खालच्या घोड्याची बंदूक

ठासणीची बंदूक म्हटली कीं नळीच्या बाजूस उभा असलेला घोडा डोळ्यांपुढें येतो. परंतु अमेरिकेच्या व्हर्मांट संस्थानांत सुमारें १८३५ च्या सुमारास एक निराळीच बंदूक प्रचारांत आली. तिचा घोडा नळीखालीं, चापाच्या पुढें असतो. विंडसर गांवच्या निकॅनॉर केंडॉल नामक कारागिरानें ती नांवारूपास आणली. आख्यायिका अशी कीं, भावी पत्नीसह गाडींतून जात असतां त्यानें पांघरुणाखालून बंदूक ओढली. घोडा अडकून बार उडाला व ती तरुणी थोडक्यांत बचावली. तेव्हां त्यानें घोड्याची जागाच बदलण्याचें मनावर घेतलें.

आख्यायिका कशीहि असो, रचनेचे गुण खरे आहेत. यंत्राचे भाग थोडे. कित्येक बंदुकींत चापाभोंवतींचें कडेंच घोड्याची कमान होतें. केप खालीं फुटत असल्यानें तिचे कपचे डोळ्यांकडे न येतां खालीं जातात, आणि नेम धरतांना दृष्टीआड कांहीं येत नाहीं.

पण गुणाच्या पोटींच दोष असतो. केप उलटी बसते, सैल असल्यास गळून पडते. पुढचा हात घोड्याजवळ गेल्यास भाजतो. झुडुपांतून जातांना फांदी घोड्यांत अडकते आणि बंदूक आडवी ठेविली तर भार नेमका त्यावरच येतो. म्हणून जाणता शिकारी नेम धरण्याची वेळ येईपर्यंत केप चढवीत नाहीं, आणि जागा सोडतांना ती आधीं काढून टाकतो. व्हर्मांटांत आजहि डिसेंबरांत हरणाच्या शिकारीस ठासणीच्या बंदुकींचा स्वतंत्र हंगाम असतो. तेथें हा नियम प्रथम शिकावा लागतो.

बार भरण्याचे नियम सर्व ठासणीच्या बंदुकींस सारखेच. दारू काळीच हवी. धूररहित दारूनें नळी फुटते. ती मापानें ओतावी, डब्यांतून थेट ओतूं नये. कारण नळींत निखारा राहिला असल्यास सबंध डबा हातांत पेटतो. गोळी दारूस भिडेपर्यंत ठासावी. मध्यें पोकळी राहणें धोक्याचें. बार उडाला नाहीं, तर नळी निशाणाकडेच धरून निदान एक मिनिट थांबावें. तो उशिरां उडूं शकतो.

परंतु सर्वांत मोठा धोका विस्मृतीचा. भरलेली बंदूक बाहेरून रिकाम्या बंदुकीसारखीच दिसते. १८६३ च्या जुलईंत गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणभूमीवर सांपडलेल्या सुमारें २७,००० बंदुकींपैकीं सुमारें २४,००० भरलेल्या निघाल्या, व त्यांतील निम्म्यांत दोन दोन बार होते! गोंगाटांत आपला बार उडालाच नाहीं हें शिपायास कळलें नव्हतें. यावर उपाय साधा आहे: गजावर दोन खुणा कराव्या, एक नळी रिकामी असतांची, दुसरी बार भरला असतांची. गज आंत घातला कीं नळी स्वतःच उत्तर देते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें व १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचा छंद संपला, तें योग्यच झालें. तरी कोंकणांत पिकांच्या राखणीसाठीं परवान्याची ठासणीची बंदूक अद्याप घरोघर नसली तरी कांहीं घरीं आहे. मुलाबाळांच्या अशा घरांत "ती रिकामीच असेल" हें वाक्य कोणीं उच्चारूं नये. घरांतील जाणत्यानें केप नाहीं हें आधीं पाहावें, तोंड कोणाकडेहि न करितां गज घालावा, आणि खूण पाहूनच बोलावें.